एकाच फीडरचा फ्यूज : डॉ. विल्यम हॅल्स्टेड

मागच्या सेमिस्टरला नेमक्या सबमिशनच्या आठवड्यात आईचं थायरॉइडचं ऑपरेशन ठरलं. गळ्यात उजव्या बाजूला गाठ होती, सुईची तपासणी झाली होती, डॉक्टर म्हणाले होते की काढून टाकलेली बरी. दोन जर्नल्स तपासायची राहिली होती, एक टर्मवर्क सहीविना अडकलं होतं. पण एचओडी सरांनी एकही प्रश्न न विचारता रजेच्या अर्जावर सही केली आणि मी रात्रीच्या एसटीनं घर गाठलं.

आईला भीती ऑपरेशनची नव्हती, दुखण्याची होती. मी सहावीत असताना तिचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं होतं. कुठे झालं ते इथे सांगत नाही. त्या रात्री ती कण्हत होती आणि ड्यूटीवरच्या माणसानं ऑपरेशन म्हटलं की दुखायचंच असं सांगून दिवा घालवला होता. मी शेजारच्या बाकड्यावर झोपल्याचं सोंग घेऊन पडलो होतो. ती रात्र आम्ही दोघंही विसरलेलो नाही.

यावेळच्या भूलतज्ज्ञ मॅडमनी आदल्या दिवशी आम्हाला बसवून नीट समजावलं. पूर्ण भूल तर देणारच, पण शिवाय मानेच्या दोन्ही बाजूंना एकेक इंजेक्शन देऊन तिथल्या नसा काही तासांसाठी बधिर करणार. मानेच्या पुढच्या आणि बाजूच्या कातडीचं दुखणं मेंदूकडे नेणाऱ्या नसा मणक्याच्या वरच्या भागातून निघतात आणि मानेवरच्या त्या तिरक्या जाड स्नायूच्या मागच्या कडेपाशी, साधारण मध्यावर, एकाच ठिकाणी बाहेर येतात. (मान वळवून आरशात बघा, कानामागून छातीकडे उतरणारा स्नायू दिसेल, तोच.) तिथून त्या कानाकडे, गळ्याकडे आणि खांद्याकडे फाटतात. म्हणजे आपल्या भाषेत डिस्ट्रिब्यूशन बॉक्सच. पूर्ण भूल हा मेन स्विच, आणि हे इंजेक्शन म्हणजे एकाच फीडरचा फ्यूज काढणं. बाकी घरात दिवे चालू.

औषध खोलवर का नाही देत, हेही मी विचारलं. इलेक्ट्रिकलचा पोरगा, गप्प कसा बसणार! तर त्याच पातळीवरून श्वासपटलाकडे जाणारी नस निघते. खोल इंजेक्शननं दोन्हीकडच्या त्या नसा एकदम झोपल्या तर श्वासाचे वांधे. म्हणून कातडीखाली वरवरच द्यायचं.

ऑपरेशननंतर आई शुद्धीवर आली तेव्हा सर्जननी तिला आधी बोलायला लावलं, कारण आवाजाची नस थायरॉइडच्या अगदी पाठीशी चिकटून जाते. आवाज नीट आला. मग तिनं हळूच गळ्याला हात लावला आणि ही मान दुसऱ्याच कुणाची तरी वाटते असं म्हणाली. अगदी काहीच दुखलं नाही असं मात्र नाही. नळी घातल्यामुळे घसा खवखवत होता आणि डोकं मागे टाकून ठेवल्यामुळे मानेची मागची बाजू आखडली होती. त्या तक्रारींवर या ब्लॉकचा इलाज नाही. पण चिरेचं दुखणं नव्हतं आणि संध्याकाळी तिनं चहा मागितला.

हे नसा बधिर करण्याचं पहिल्यांदा कुणाला सुचलं असं मी मॅडमना विचारलं. त्यांनी हॅल्स्टेडचं नाव सांगितलं, आणि वाचणार असशील तर अर्धवट वाचू नकोस, असंही बजावलं. हॉस्टेलला परतल्यावर मिळेल ते वाचून काढलं. तीच ही हकीगत. त्याला एकेरीत संबोधतोय, राग मानू नका. न्यूटन आणि टेस्लालाही आपण तसंच बोलावतो.

विल्यम स्टुअर्ट हॅल्स्टेडचा जन्म न्यूयॉर्कचा, 23 सप्टेंबर 1852 चा. घरचा कापडाच्या आयातीचा मोठा व्यापार. येल कॉलेजात हा गडी फुटबॉलच्या टीमचा कॅप्टन. लायब्ररीतून त्यानं एकही पुस्तक घेतल्याची नोंद नाही असं सांगतात. (लायब्ररियन सरांनी हा मजकूर कृपया वगळून वाचावा.) शेवटच्या वर्षाला मात्र काय अंगात आलं कोण जाणे, शरीररचनेचं आणि शरीरक्रियेचं अशी दोन पुस्तकं विकत घेतली आणि त्यातच बुडाला. 1874 ला येल संपलं, 1877 ला न्यूयॉर्कमध्येच डॉक्टर झाला. पुढची दोन वर्षं युरोपात. व्हिएन्नाला बिलरोथसारख्या सर्जनची कामं जवळून पाहिली आणि बिलरोथचा सहायक वोल्फ्लर याच्याशी दोस्ती झाली. गलगंडाची ऑपरेशनं त्यानं तिथेच पाहिली. त्या काळात अमेरिकेत गलगंडाला हात लावायला सर्जन धजावत नसत, कारण थायरॉइडमध्ये रक्तवाहिन्या एवढ्या की रोगी टेबलावरच जायचा.

1880 मध्ये परत आल्यावर त्याचा सपाटा विचारू नका. एकाच वेळी चार-पाच हॉस्पिटलांत काम, रात्री ऑपरेशनं, शिवाय विद्यार्थ्यांना परीक्षेची तयारी करून देणारे खासगी वर्ग, आणि त्या वर्गांना तुफान गर्दी. बेलव्ह्यू हॉस्पिटलात जंतुविरहित खोली मिळेना तर यानं आवारात स्वतंत्र तंबू उभारून घेतला. 1881 मध्ये बहिणीला बाळंतपणानंतर भयंकर रक्तस्राव झाला तेव्हा स्वतःच्या हातातलं रक्त काढून तिला चढवलं. रक्तगटांचा शोध लागायला अजून वीस वर्षं होती. जुळलं हे नशीब! पुढच्याच वर्षी मध्यरात्रीनंतर स्वयंपाकघरातल्या टेबलावर आईचं पित्ताशय उघडून पू आणि खडे काढले. ती बरी झाली. हे वाचताना मी जरा थांबलो, कारण माझ्या आईचंही पहिलं ऑपरेशन त्याच अवयवाचं.

आता 1884 चा सप्टेंबर. व्हिएन्नातला कार्ल कोलर नावाचा तरुण डॉक्टर डोळ्यात कोकेनच्या द्रावणाचे थेंब टाकले की डोळा बधिर होतो हे शोधतो. हायडेलबर्गच्या नेत्रतज्ज्ञांच्या परिषदेला जायला त्याच्याकडे पैसे नसतात, म्हणून 15 सप्टेंबरला त्याचा निबंध दुसराच डॉक्टर वाचतो. तिथे हजर असलेल्या एका अमेरिकन डॉक्टरचं पत्र 11 ऑक्टोबरला न्यूयॉर्कच्या वैद्यकीय साप्ताहिकात छापून येतं. आणि ते वाचून हॅल्स्टेडच्या डोक्यात चक्र सुरू होतं.

बाकीचे लोक कोकेन पृष्ठभागावर लावत होते. डोळ्यात थेंब, नाकात बोळा, घशाला लेप. हॅल्स्टेड आणि त्याचा मित्र रिचर्ड हॉल यांनी वेगळा विचार केला. दुखतं बोटाला, पण बातमी जाते नसेतून. मग बोटाचा नाद सोडा, वाटेत नस गाठा आणि तिथेच बातमी अडवा. त्यांनी सुईनं कोकेन थेट नसेजवळ सोडायला सुरुवात केली. जबड्यातल्या नसेजवळ सोडलं तर खालचे दात आणि अर्धा ओठ बधिर. डोळ्याखालच्या नसेजवळ सोडलं आणि एका दंतवैद्यानं हॉलचा वरचा दात कोरून भरला, हॉलला काही कळलं नाही. मानेच्या मुळाशी हाताकडे जाणाऱ्या नसांचं जे जाळं असतं ते उघडं करून हॅल्स्टेडनं त्यात कोकेन सोडलं आणि अख्खा हात बधिर झाला. कोलरच्या निबंधाला तीन महिनेही झाले नव्हते, तोवर 6 डिसेंबर 1884 ला हॉलचं या प्रयोगांवरचं पत्र छापून आलं. आमची मिनी प्रोजेक्टची सिनॉप्सिस तीन महिन्यांत मंजूर होत नाही!

नसेत नेमकं काय घडतं हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. नसेच्या पापुद्र्यावर सोडियमचे दरवाजे असतात, ते एकापाठोपाठ उघडत गेले की विजेचा झटका पुढे सरकतो. कोकेन आणि त्याच्या जातीची औषधं हे दरवाजे अडवतात. हॉजकिन आणि हक्सले यांनी 1952 मध्ये नसेचं गणित मांडलं तेव्हा तर चक्क सर्किट काढलं, कपॅसिटर, रेझिस्टन्स आणि बॅटऱ्यांसकट. आमच्या ब्रँचच्या लोकांनी ते एकदा जरूर बघावं, नेटवर्क थिअरीचा पेपर सुसह्य होईल.

पण हे प्रयोग कुणावर चालले होते? रोग्यांवर नंतर. आधी स्वतःवर, एकमेकांवर आणि हौसेनं पुढे आलेल्या विद्यार्थ्यांवर. आज तू मला टोच, उद्या मी तुला. कोकेन तेव्हा दुकानात मिळायचं, ताकदीचं औषध म्हणून खपायचं, आणि त्याची सवय लागते हे नीट कळलेलंच नव्हतं. टोचून घेतलं की थकवा पळायचा, झोप नको वाटायची, काम दुप्पट व्हायचं. ही काही वाईट संगतीला लागलेली पोरं नव्हती. न्यूयॉर्कमधले सगळ्यात हुशार, सगळ्यात कष्टाळू डॉक्टर होते. मला तरी वाटतं की कष्टाळूपणानंच त्यांना पकडलं. नाईट मारण्यासाठी काहीतरी हवं असतं ना, तसं.

वर्षभरात सगळे अडकले. 12 सप्टेंबर 1885 ला हॅल्स्टेडचा स्वतःचा लेख छापून आला. हजारावर छोट्या शस्त्रक्रिया कोकेनवर केल्या, एकदाही अपयश नाही, हा त्यातला दावा. दावा मोठाच होता. पण लेखाचं पहिलं वाक्य वाचून काहीच कळत नाही. ते वळतं, भरकटतं, कंसात शिरतं, संपतच नाही. ज्याचे वर्ग ऐकायला पोरं गर्दी करायची त्याच्या हातून हे लिहिलं गेलं. त्यावेळी तो काय अवस्थेत होता याचा दुसरा पुरावा लागत नाही. त्याच्याबरोबर प्रयोग केलेल्यांपैकी काही त्यातच संपले. हॉल न्यूयॉर्क सोडून कॅलिफोर्नियाला गेला, तिथे 1897 मध्ये वारला.

हॅल्स्टेडला वाचवलं ते एका मित्रानं. विल्यम वेल्च, पॅथॉलॉजीचा माणूस. 1886 च्या फेब्रुवारीत त्याला शिडाच्या जहाजावरून विंडवर्ड बेटांकडे पाठवण्यात आलं. बरोबर मोजकंच कोकेन, रोज थोडं कमी करत जायचं असा बेत. बेत फसला. कोकेन संपल्यावर त्यानं जहाजाच्या औषधांच्या पेटीवर डल्ला मारला असं सांगतात. परत आल्यावर मे महिन्यात प्रॉव्हिडन्सच्या बटलर हॉस्पिटलात भरती. तिथे नाव लिहिलं विल्यम स्टुअर्ट, आडनाव गाळून. सात महिने तिथे काढले. कोकेन सोडवण्यासाठी तेव्हाच्या पद्धतीनं मॉर्फिन दिलं जायचं. म्हणजे एक खड्डा बुजवायला दुसरा खणायचा. 1887 मध्ये पुन्हा काही महिने तिथेच जावं लागलं.

मधल्या काळात वेल्चनं त्याला बाल्टिमोरला स्वतःच्या घरी ठेवलं आणि प्रयोगशाळेत काम दिलं. जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटल तेव्हा उभं राहत होतं. तिथे हॅल्स्टेड कुत्र्यांच्या आतड्यांवर टाके घालत बसला आणि टाका कोणत्या थरात पकडला तर टिकतो ते शोधून काढलं. न्यूयॉर्कचा तो धडाकेबाज, घाईचा सर्जन संपला होता. बाल्टिमोरला उरला तो बुजरा, तुसडा, कमालीचा सावकाश माणूस. रक्ताची प्रत्येक बारीक वाहिनी चिमट्यात पकडायची, मांस चुरगळायचं नाही, टाक्याला ताण द्यायचा नाही, आत पोकळी सोडायची नाही. इतर सर्जन पाऊण तासात उरकतील त्याला हा कित्येक तास लावायचा. लोक चेष्टा करायचे, पण त्याच्या जखमा स्वच्छ भरायच्या. आज जगभरचे सर्जन जे शिकतात ते हेच. हॉस्पिटल 1889 मध्ये सुरू झालं, पुढच्या वर्षी तो तिथला मुख्य सर्जन झाला आणि 1892 मध्ये प्राध्यापक. शिकाऊ डॉक्टरांनी वर्षानुवर्षं हॉस्पिटलातच राहून हळूहळू जबाबदारी घ्यायची ही रेसिडेन्सीची पद्धत अमेरिकन सर्जरीत त्यानं रुजवली. रेसिडेंट हा शब्दच राहण्यावरून आलाय. म्हणजे तेही एक हॉस्टेलच, फक्त मेस बहुधा आपल्यापेक्षा बरी. मेंदूच्या शस्त्रक्रियेचा पाया घालणारा हार्वी कुशिंग त्याच्याच हाताखाली तयार झाला, आणि नसा बधिर करून मोठी ऑपरेशनं करण्याचं काम कुशिंगनं नंतर पुढे नेलं.

रबरी हातमोज्यांची गोष्ट बऱ्याच जणांनी ऐकली असेल. ऑपरेशन थिएटरची मुख्य नर्स कॅरोलिन हॅम्प्टन हिच्या हातांना जंतुनाशकानं पुरळ उठायचं. हॅल्स्टेडनं गुडइयर रबर कंपनीला सांगून तिच्यासाठी पातळ मोजे करवून घेतले. 1890 मध्ये त्यांनी लग्नही केलं. पण मोजे जंतू अडवतात म्हणून सगळ्यांनीच घालावेत हे त्याला सुचलं नाही. ते त्याच्या हाताखालच्या ब्लडगुडनं काही वर्षांनी सुरू केलं. इतका बारकाईचा माणूस आणि नाकासमोरची गोष्ट सुटली! स्तनांच्या कॅन्सरसाठी त्यानं रूढ केलेली खूप मोठी शस्त्रक्रियाही 1970 नंतरच्या चाचण्यांत बहुतेक रोग्यांना अनावश्यक ठरली. तोवर हजारो बायकांनी ती सोसली होती. हेही सांगायला हवं.

गळ्याकडे तो पुन्हा वळला, आणि आईच्या ऑपरेशनशी त्याचा खरा संबंध इथे आहे. स्वित्झर्लंडमध्ये बर्नला थिओडोर कोखरनं थायरॉइडची शस्त्रक्रिया सुरक्षित करून दाखवली होती, त्याला 1909 चं नोबेल मिळालं. अमेरिकेत हे काम पुढे नेणाऱ्यांत हॅल्स्टेड आघाडीवर. थायरॉइडच्या मागे तांदळाच्या-डाळीच्या दाण्याएवढ्या पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. त्या चुकून निघाल्या किंवा त्यांचं रक्त तुटलं तर रक्तातलं कॅल्शियम घसरतं आणि हातपाय आकडतात. 1907 मध्ये हॅल्स्टेड आणि हर्बर्ट इव्हान्स यांनी या ग्रंथींना रक्त नेमकं कुठून येतं हे शोधून छापलं. इव्हान्स तेव्हा विद्यार्थी होता बरं का, आणि लेखावर त्याचं नाव आहे. आईच्या ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी नर्सनं रक्त नेलं आणि बोटांना मुंग्या येतात का असं दोनदा विचारलं, तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नव्हता. 1920 मध्ये त्यानं गलगंडाच्या शस्त्रक्रियेचा सगळा इतिहास लिहिला. जाणकार तो आजही मोलाचा मानतात.

आणि या सगळ्या वर्षांत मॉर्फिन चालूच होतं. हे वाचून मी पुस्तक मिटून बाहेर कॉरिडॉरमध्ये जाऊन उभा राहिलो होतो. हॉपकिन्सचा प्रसिद्ध डॉक्टर विल्यम ऑस्लर याला एकदा हॅल्स्टेड हुडहुडी भरून थरथरताना दिसला आणि खरं काय ते कळलं. ऑस्लरनं ते कुणाला सांगितलं नाही. कुलूप असलेल्या एका छोट्या वहीत लिहून ठेवलं. दिवसाला 3 ग्रेन, म्हणजे सुमारे 200 मिलिग्रॅम मॉर्फिन. आज ऑपरेशननंतर शिरेतून देतात ते एका वेळी काही मिलिग्रॅम. पुढे मात्रा कमी झाली, पण सुटलं बहुधा कधीच नाही. उन्हाळ्यात तो महिनोन् महिने गायब व्हायचा. नॉर्थ कॅरोलायनातल्या इस्टेटीवर डेलियाची फुलं लावायचा, शर्ट धुवायला पॅरिसला पाठवायचा. नवरा-बायको एकाच घरात वेगवेगळ्या मजल्यांवर राहायचे. नसा बधिर करण्याच्या शोधाबद्दल तो जवळजवळ बोलतच नसे. कसा बोलणार? तो शोध आणि ते वर्ष एकच होतं.

1922 मध्ये अमेरिकेतल्या दंतवैद्यांच्या संघटनेनं या शोधाचं श्रेय त्याला देऊन सुवर्णपदक दिलं. जवळपास 38 वर्षांनी. त्याच वर्षी पित्तमार्गातल्या खड्यांसाठी त्याच्यावर पुन्हा ऑपरेशन झालं, ते करणारे त्याचेच जुने रेसिडेंट होते. 7 सप्टेंबर 1922 ला तो गेला. कॅरोलिनही त्याच वर्षी गेली. ऑस्लरची ती वही 1969 पर्यंत बंद होती. उघडल्यावर लोकांना धक्का बसला, कारण सगळ्यांची समजूत होती की तो केव्हाच बरा झाला होता.

कोकेनची जागा नंतर दुसऱ्या औषधांनी घेतली. 1905 च्या सुमारास प्रोकेन आलं, 1940 च्या दशकात लिडोकेन, 1957 मध्ये बुपिव्हाकेन. नावांचा शेवट अजून तोच आहे, केन. पण यातली सवय लागण्याची भानगड गेली. मॅडमनी मला सांगितलं होतं की मानेचा हा ब्लॉक द्यायचा एक मोठा फायदा म्हणजे नंतर मॉर्फिनसारखी औषधं कमी लागतात, मळमळ कमी होते, गुंगी कमी राहते. तेव्हा मी मान डोलावली होती. आता वाटतं, हे त्यांनी सहज सांगितलं नसावं.

आईचा ब्लॉक पहाटे दोनच्या सुमाराला उतरला. तिनं हाक मारली, गळ्याला ओढल्यासारखं होतंय म्हणाली. मी नर्सना उठवायला गेलो, तर त्या जाग्याच होत्या. पॅरासिटामॉलची बाटली लावली आणि अर्ध्या तासात आई झोपली. मी सकाळपर्यंत खुर्चीत बसून होतो. या वेळी सोंग घ्यावं लागलं नाही.